लग्नदिनी हवामान निरभ्र राहील

मेश्राम सर आता गोंदियाले राह्यते. गोंदियाच्या लोकायबद्दल मले मनापासून वाईट वाटते. त्यायनं काय गुन्हा केलता ठाऊक नाई, पण आता त्यायच्या मोबाईलवर रोज सकाळी तो आवाज येत असन. आधी घसा साफ केल्याचा, मंग एक लांब श्वास, आन मंग: "नमस्कार. मी हवामान अभ्यासक मेश्राम, थेट गच्चीवरून."

बालाघाटात मी हे वाक्य म्हणलं का लोक अजूनही खुर्चीतून घसरते. मी लग्नात, वाढदिवसात माइक धरतो, म्हणून सर मले 'ऑर्केस्ट्रा' म्हणत. बस कंडक्टर करतो, तहसीलीतला बाबू करतो, दारू पिऊन इंग्रजी बोलणारा जावई करतो. पण आखरीले पब्लिक एकच मागते: "नितेशभाऊ, मौसम लावा ना." मंग मी पोट पुढं काढतो, मान मागं टाकतो, बोटाले थुंक लावून ते हवेत धरतो. बोलायचीबी गरज पडत नाई.

ते बोट आमी शाळेपासून पाहून राह्यलो. सर आमाले भूगोल शिकवत. वर्गात येऊन पहिले खिडकीत जाणार, बोट तोंडात घालणार, बाहेर काढून धरणार आन म्हणणार, "नैऋत्य." मंग त्याच बोटानं आमच्या वह्यायचे पानं उलटणार. हवा रोज नैऋत्यच असे. खिडकीच नैऋत्येले होती, तिच्यातून दुसरी कोणती हवा येणार? एकदा आमच्यातल्या एकानं हे विचारलं तं सरनं त्याले पूर्ण तास बाहेर उभं ठेवलं, हवा कुठून येते ते पाह्याले.

चालताना सरची नजर वरतं. समोर बैल येवो, ट्रक येवो, सर आभाळ पाहून राह्यले. आमच्या वार्डात असा एक खड्डा नाई जो सरले ओळखत नाई. नालीत पाय गेला का बायका दारातून विचारत, "काय सर, काय म्हणते आभाळ?" आन सर चिखलाचा पाय वर घेऊन गंभीरपणे उत्तर देत. त्यायले वाटे, लोकायले माहिती पाह्यजे आहे.

छत्री त्यायनं कधी धरली नाई. छत्री घेणं म्हणजे स्वतःच्या अंदाजावर शंका घेणं. त्यामुळं आमच्या वार्डात सगळ्यात जास्त भिजलेला माणूस म्हणजे आमचा हवामान अभ्यासक. ओलाचिंब होऊन घरी येऊन राह्यले, चष्म्यातून पाणी टपकून राह्यलं, आन कोणी म्हणलं, "सर, तुमी तं म्हणले कोरडं राहीन," तं सर थांबून समजावणार, "हा पाऊस नाही. ही स्थानिक सर आहे. पाऊस वेगळा." अशा वेळी सर शुद्ध मराठी बोलत, बातम्यावाल्यासारखं. चूक जितकी मोठी, तितकी मराठी शुद्ध.

घराच्या गच्चीवर त्यायची वेधशाळा होती. म्हणजे डिशच्या छत्रीवर ऑइल पेंटनं 'वेधशाळा' लिहिलं होतं. एक बांबू होता, त्याले काकूच्या, म्हणजे सरच्या बायकोच्या, जुन्या साडीचा तुकडा बांधला होता, तो वारा. एक पाण्याची बाटली कापून ठेवली होती, तो पाऊस. त्या बाटलीत कावळे पाणी प्याले येत, म्हणून सरचा पाऊस नेहमी कमी भरे. पाहुणा आला का चहाच्या आधी त्याले गच्चीवर नेत. माणूस उन्हात उभा राहून साडीचा तुकडा पाहून राह्यला, आन काकू खालून आवाज देऊन राह्यली, "प्रज्ञाचे बाबा, चहा थंडा होऊन राह्यला!" आन सर वरून, "थांब, झुळूक बदलून राह्यली!"

फागुन लागला, आंब्याले बार आला का सरचा सीझन सुरू. पावसाळ्यात पाऊस पडतेच, त्यात सांगायचं काय. पण ह्या दिवसात वारा, वीज, गारा, कधी काय होईन नेम नसते. उन्हाळी धान शेतात, लग्न मांडवात, कुरड्या गच्चीवर. लोकायले खरंच माहिती पाह्यजे असते. सर ती देत. ती अशी: "बालाघाट, वारासिवनी, लांजी, बैहर या भागांत तुरळक ठिकाणी हलका, काही ठिकाणी मध्यम पाऊस, आणि उर्वरित ठिकाणी हवामान कोरडे."

आता ह्यात चूक व्हायले जागा कुठं आहे, सांगा! पण सर तरीबी चुकत. कधी कधी त्यायले जोर येई आन ते साफ सांगून टाकत, "आज पाऊस नाही, लिहून घ्या." त्या दिवशी नाले वाहत. संध्याकाळी वार्डाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला का सरचा सकाळचा मेसेज गायब. तिथं फक्त राखाडी अक्षरात, मेसेज डिलीट केला. वर एक नवीन मेसेज: "सकाळी वर्तवल्याप्रमाणे पाऊस झाला." आमच्या आईनं एकदा ग्रुपवर टाकलं, "सर, सकायी तं तुमी नाई म्हणलं होतं." सरनं आईले ग्रुपमधून काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी आई नळावर काकूले म्हणे, "तुह्या नवऱ्यानं मले मौसमाच्या बाहेर काढलं वं." काकू म्हणे, "बरं झालं बाई. मलेबी काढ म्हणा."

कुरड्यायचं तं सगळ्या वार्डाले माहीत आहे. सरनं सांगतलं, पुढले दिवस कडक ऊन, बिनधास्त घाला. बायायनं गहू भिजवले, चीक काढला, घाटा शिजवला, आन सगळ्या गच्च्या पांढऱ्याफट. दुपारून वारा सुटला, धूळ आली, मंग पाणी. कुरड्यायचा परत चीक झाला आन पन्हाळ्यातून खाली आला. कुत्रे चाटून राह्यले. सगळ्या बाया ओरडत सरच्या घरी गेल्या तं पाहते काय, काकूची गच्ची मोकळी. एक कुरडई नाई.

"काहून वं शीला, तू नाई घातल्या?"

काकू म्हणे, "मी ह्यायच्या घरात राह्यते ना बाई."

सर तेव्हा खोलीतून बोलून राह्यले, बाहेर न येता. "ती धूळ होती. धुळीचा अंदाज मी देत नाही."

मोबाईलवर सरकारी इशारा येई, पिवळा नाईतं नारंगी, तं सर चिडत. त्यायले तो अपमान वाटे. "भोपाळमंधून बालाघाट दिसते का? मले गच्चीवरून वैनगंगा दिसते!" वैनगंगा दिसत नव्हती. दुसऱ्या वार्डातली पाण्याची टाकी दिसे. पण सरकारनं पाऊस म्हणला का सरनं कोरडं म्हणायचं, हे पक्कं होतं. आन सरकार बरोबर निघालं का सर म्हणत, "त्यायले बी आता समजाले लागलं." हा माणूस असा का ज्याले वाटे, पाऊसबी आपल्याले विचारून पडला पाह्यजे.

शाळेत असताना सर आमाले उकव्याच्या खदानीकडे घेऊन गेलते, मँगनीजचे दगड दाखवाले. जंगलात मोहाचा वास पसरलेला, खाली फुलं पडून राह्यलेले. आभाळ काळं झालं. ड्रायव्हर म्हणे, "सर, पोरायले गाडीत बसवा." सर म्हणे, "गरज नाही. हे ढग कोरडे आहेत." मंग गार पडाले लागली. आमी डब्याचे झाकणं डोक्यावर धरून पळालो. ड्रायव्हर हाका मारून राह्यला, पण सर तिथंच, झाडाखाली उभे. गाडीत जायची गरज नाई म्हणलं होतं ना, आता जाणार कसे? खिडकीतून आमी सगळे त्यायले पाहून राह्यलो. एक चांगली बोराएवढी गार टाळक्यावर बसली. दुसऱ्या दिवशी वर्गात टाळक्यावर टेंगूळ. विचारलं तं म्हणे, "फांदी लागली."

तेव्हा मले वाटे, हा माणूस खोटारडा आहे. मोठा झाल्यावर समजलं, खोटारडा असता तं बरं होतं. खोटं बोलणारा माणूस गाडीत तरी येऊन बसते.

पण लोक काहून विचारत होते त्यायले? सांगतो. आमी बौद्ध. आमच्यात मुहूर्त नाई, पत्रिका नाई, गुण जुळवणं नाई. ज्या दिवशी सगळ्यायले सुट्टी, त्या दिवशी लग्न. किती सोपं! पण उन्हाळ्याच्या तोंडावर लग्न म्हणलं का मांडवाची भीती असते, आन सर ह्या भीतीत घुसले. "अंधश्रद्धा सोडा, विज्ञान धरा," म्हणत त्यायनं लग्नाच्या तारखा सांगाले सुरुवात केली. चार महिने आधी! लोक पेढे घेऊन येत, चटईवर बसत. सर डोळे मिटत, मोबाईल उघडत, परत डोळे मिटत. मंग म्हणत, "हा रविवार नको. ह्याच्या पुढला घ्या. शुद्ध दिवस आहे." शुद्ध म्हणजे कोरडा.

माही आई म्हणे, "आपल्या म्हाताऱ्यायनं एवढ्या मेहनतीनं पंचांग घराबाहेर काढलं, आन ह्यानं ते मोबाईलमंधे टाकून परत आणलं."

बरं, चार-पाच लग्नं कोरडी गेली. जाणारच, रोज काय वादळ येते? पण सर फुगले. आन तेवढ्यात त्यायच्या पोरीचं जमलं.

प्रज्ञाताई सरकारी दवाखान्यात नर्स. सरची एकुलती एक. बापाच्या उलटी: कमी बोलणार, बोलली तं कामाचं. मुलगा तिरोडीचा, स्वप्निल, त्याचे वडील खदानीत होते. सगळं चांगलं जमलं. ताईची एकच मागणी होती. लग्न विहाराच्या हॉलमंधे करू. हॉल छोटा आहे पण पक्का आहे, घराजवळ आहे. सर म्हणे, "हॉलमंधे? माझ्या मुलीचं लग्न छताखाली? लोक काय म्हणतील, मेश्रामले स्वतःच्या अंदाजावर भरोसा नाही?" आन त्यायनं विहारासमोरचा, रस्त्यापलीकडचा लॉन घेतला. नाल्याच्या काठचा. मांडव नाई, फक्त बाजूनं पडदे आन वर उघडं आभाळ.

मंग पत्रिका छापून आली. लोक खाली कोपऱ्यात लिहिते ना, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं', तिथं सरनं छापलं होतं: 'लग्नदिनी हवामान कोरडे व निरभ्र राहील. हवामान अभ्यासक मेश्राम.'

मी आईले वाचून दाखवलं. ती म्हणे, "परत वाच." परत वाचलं. ती म्हणे, "पोरीचं काही खरं नाई."

लग्नाच्या आठवड्यात मोबाईल वाजाले लागले. नारंगी इशारा. वादळी वारा, वीज, गारा, नाल्याकाठी राह्यणाऱ्यायनं जपून राहावं. मी त्या दिवशी सरच्या घरी कार्यक्रमाची यादी समजून घ्याले गेलतो, कारण माइक माह्याकडे होता. मांडववाला छगनबी तिथंच.

छगन म्हणे, "सर, वरतून वाटरप्रूफ टाकून देतो. पैसे नका देऊ, जाऊ द्या."

सर म्हणे, "कार्ड वाचलं का तू?"

"वाचलं सर."

"मंग?"

"सर, कार्ड पाण्याले वाचता येते का?"

सरनं त्याले हाकलून लावलं. इतक्यात इवायांचा, म्हणजे स्वप्निलच्या वडलायचा, फोन आला. सरनं स्पीकरवर टाकला, आमी सगळ्यायनं ऐकावं म्हणून.

"अवो इवाई, तिरोडीत तं आतापासूनच गरजून राह्यलं. काही दुसरं पाहून ठेवलं का?"

"इवाई बुवा," सर म्हणे, "तुमी निश्चिंत राहा. ते ढग उत्तरेकडे सरकतील."

"सरकतील तं सरकतील. पण नाई सरकले तं? आमी खदानीतले माणसं, आमाले पाण्याचं काही नाई. पोरीची साडी भिजन, मनून म्हणलं."

सरनं फोन ठेवला आन आमाले म्हणे, "बघा. शिक्षण नाही ना."

प्रज्ञाताई दारात उभी होती. ड्युटीवरून आलती, कपडेबी बदलले नव्हते. म्हणे, "बाबा, मी एकच सांगते. मले लग्नात तुमी माह्या बाजूले उभे पाह्यजे. कुठंबी. लॉनवर, हॉलात, दवाखान्याच्या पोर्चात. बाकी मले काही नाई पाह्यजे."

"म्हणजे तुझाही विश्वास नाही."

"मी विश्वासाचं नाई बोलून राह्यली, बाबा."

सर गच्चीवर निघून गेले. ताईनं माह्याकडे पाह्यलं आन हळूच म्हणे, "नितेश, विहाराची किल्ली गजभिये काकाकडे असते. मी सांगून ठेवलं आहे. आचारी बी तिकडच्याच पडवीत चूल लावणार." तेवढंच. काकूनं मले चहा दिला आन वर बोट दाखवून म्हणे, "ह्यायले नको सांगू."

लग्नाचा दिवस उजाडला तो असा निळा, असा चकचकीत, का मलेच शंका आली, हा माणूस आभाळाले काही देतो का काय. सर सकाळपासून लॉनवर. क्रीम रंगाचा सूट, छातीवर फूल. येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन वर दाखवत: "काय?" समोरचा म्हणे, "छान सर." "छान नाही. निरभ्र." भरवेलीहून आलेल्या एका म्हाताऱ्याची मान त्यायनं हातानं धरून वर केली. जसं काही आभाळ त्यायनं स्वतः धुऊन वाळत घातलं होतं.

दुपार झाली, गरमी अशी का श्वास घेता येईना. पानही हलून नाई राह्यलं. वरात तिरोडीहून आली, लोक पाणी पिऊन पिऊन थकले. मी स्टेजवर माइक तपासून राह्यलो. तितक्यात वारासिवनीच्या बाजूनं आभाळाच्या खाली एक काळी रेघ दिसली.

मी म्हणलं, "सर."

सरनं पाह्यलं. बोट तोंडात घातलं, वर धरलं. म्हणे, "बायपास होईल."

रेघेची भिंत झाली. आधी थंडी हवा आली, लोक म्हणे, वा वा. मंग पडदे फुगले, एक पडदा सुटला आन आख्ख्या वरातीच्या डोक्यावरून नाल्यात गेला. टपोरे थेंब. मंग गारा, खुर्च्यायवर अशा वाजाले लागल्या जसे कोणी मुठीनं चणे फेकून राह्यलं. बायायनं लेकरं पोटाशी धरले. आन सर स्टेजवर चढले, हात वर केले आन ओरडले, "कोणीही हलू नये! स्थानिक सर आहे! दहा मिनिटांत उघडेल! नागरिकांनी घाबरून जाऊ नये!"

आन लोक थांबले! खरं सांगतो. अर्धे लोक डोक्यावर खुर्च्या उलट्या धरून उभे राह्यले, कारण पोरीचा बाप सांगून राह्यला, त्याच्या समोर त्याचं लग्नघर सोडून पळायचं कसं? आमच्या लोकायची ही सवय आहे. भिजतील, पण यजमानाचं मन मोडणार नाई. मागून नाल्याचं पाणी लॉनवर चढलं, चपला तरंगाले लागल्या.

प्रज्ञाताई स्टेजच्या बाजूले होती, पांढऱ्या साडीत, डोक्यावर काकूनं धरलेलं जेवणाचं मोठं ताट. तिनं माह्याकडे हात केला. मी माइक दिला, बॅटरीवाला होता. तिनं घसा साफ केला. एक लांब श्वास घेतला.

"नमस्कार. मी हवामान अभ्यासक मेश्राम यांची कन्या, थेट लॉनवरून. बालाघाट, वारासिवनी, लांजी, बैहर आणि तिरोडीच्या नागरिकांनी आपापली लेकरं आणि म्हातारे घेऊन समोरच्या विहारात जावे. तुरळक ठिकाणी जेवण तयार आहे."

मी इतके वर्ष सरची नक्कल करून राह्यलो. पैसे घेतो त्याचे. पण ते ऐकलं आन मले समजलं, मी कच्चा आहे. आमी ती नक्कल शाळेत शिकलो. ती घरात शिकली. तोच श्वास, तोच थांबा, तोच शेवटचा शब्द ओढणं. लोक असे हसले का गारांचा आवाज दबला, आन हसत हसत सगळे रस्ता ओलांडून विहाराकडे पळाले. इवायनं दोन्ही काखेत दोन म्हाताऱ्या धरल्या आन निघाले.

सर स्टेजवरच. ताई त्यायच्या जवळ गेली. "बाबा, चला."

"तू माझी नक्कल केली."

"हौ. चला आता."

"दहा मिनिटं थांब."

"बाबा, मी भिजून राह्यली."

ते वर पाहून राह्यले. ती मंग काकूचा हात धरून गेली.

विहाराच्या हॉलात चिरडाचिरडी. ओल्या कपड्यायचा वास, पडवीतून भाजीचा वास, लेकरं गारा खाऊन राह्यले. गजभिये काका लग्न लावणार होते, ते मेणबत्त्या पेटवून वाट पाहून राह्यले. वधू-वरायचे पालक समोर पाह्यजे असते. स्वप्निलचे आईवडील उभे. इकडे काकू एकटी, आन तिच्या बाजूची जागा रिकामी. ताईनं मले बोलावलं.

"जा ना, एकदा बोलावून पाह्य."

मी पोतं डोक्यावर घेऊन गेलो. लॉनवर घोट्याच्या वर पाणी. स्टेजवर एक लाल खुर्ची, त्या खुर्चीवर सर उभे. सूट अंगाले चिकटलेला, छातीवरच्या फुलाचा रंग क्रीम कोटावर उतरलेला.

"सर, ताई बोलावते. सगळे थांबले आहे."

"सांग त्यांना, परत यायला सांग. पश्चिमेकडे फाटलं आहे."

"सर, वंदना सुरू होणार आहे."

"इथंच होईल. कार्डावर छापलं आहे." मंग खाली पाहून, त्यायच्या खऱ्या भाषेत म्हणे, "अरे ऑर्केस्ट्रा, पाच मिनिटं थांबव ना तिले. उघडून राह्यलं रे. आता मी गेलो ना आत, आन मागून उघडलं, तं लोक मले जन्मभर चिडवतील."

मी म्हणलं, "सर, लोक तुमाले जन्मभर चिडवूनच राह्यले. आत चला."

त्यायनं मान वर केली. माह्याशी बोलणं संपलं होतं.

मी परत आलो. ताईनं विचारलं, "काय म्हणले?"

"उघडते म्हणते."

तिनं डोळे मिटले. थोडा वेळच. पापणीवरचं पाणी पावसाचं होतं का कशाचं, मी पाह्यलं नाई. मंग गजभिये काकाकडे वळून म्हणे, "सुरू करा काका."

त्रिशरण झालं, पंचशील झालं. दोघायनं प्रतिज्ञा घेतली. हॉल एवढा भरलेला का पोरीनं हार घालाले हात उचलला तं मागच्याच्या नाकाले लागला. पालकांनी पुढे यावं म्हणलं तेव्हा काकू एकटीच पुढं आली, पदरानं हात पुसत. इवाई स्वतःच्या जागेवरून सरकले आन तिच्या बाजूले येऊन उभे राह्यले, कोणी सांगतलं नाई तरी. फुलं पडले. टाळ्या वाजल्या. लग्न लागलं.

आन फुलं जमिनीवर पडून स्थिरही झाले नव्हते, तं खिडकीतून ऊन आलं. पिवळंधमक, धुतल्यासारखं.

"उघडलं!"

सर दारात. हातात बूट, पँट गुडघ्यापर्यंत वर, चष्म्यावर पाणी. चेहरा असा फुललेला का आख्ख्या हॉलात त्या माणसाएवढं खुश कोणीच नव्हतं, नवरदेवबी नाई. "उघडलं! म्हटलं होतं की नाही? चला चला, सगळ्यांनी लॉनवर चला, स्टेज तयार आहे, लग्न लावून घेऊ!"

पंगतीचे ताटं वाटणारे पोरं थांबले.

प्रज्ञाताई गळ्यात हार घेऊन त्यायच्यासमोर गेली. "बाबा, लग्न लागलं."

सरनं तिच्याकडे पाह्यलं. तिच्या हाराकडे पाह्यलं. मले वाटलं, आता ह्या माणसाच्या आत काही तरी हलन. सगळ्यायलेच वाटलं असन.

"हां," सर म्हणे. "पण उघडलं ना? मी म्हटलं तसंच?"

ताईनं त्यायच्या खांद्यावर चिकटलेलं नाल्यातलं पान काढलं. म्हणे, "हौ बाबा. तुमी म्हणले तसंच."

मंग ती वळली आन सासूबाईच्या पाया पडाले गेली. फोटोवाल्यानं आवाज दिला, "घरचे सगळे इकडे या, वधूचे आईवडील मधात." काकू आली. इवाई आले. नवरा-नवरी उभे राह्यले. फोटोवाला ओरडून राह्यला, "सर, इकडे! सर, तुमी!"

सर दाराच्या उंबऱ्यावर होते. मोबाईल वर धरून आभाळाचा फोटो काढून राह्यले. "एक मिनिट," म्हणे, "तो ढग सरकू दे."

फोटोवाल्यानं वाट पाह्यली, मंग बटन दाबलं. तो फोटो प्रज्ञाताईच्या तिरोडीच्या घरात समोरच्या भिंतीवर आहे, मोठा करून लावला आहे. सगळे हसून राह्यले, सगळ्यायचे केस ओले. मागं उघडं दार, दारात भरपूर ऊन, आन त्या उन्हात एका माणसाची पाठ.